हुतात्मा स्मारकात फोटो लावताना: मुक्तिदिनाच्या प्रदर्शनाचा अनुभव

यंदा, म्हणजे २०२५च्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं निमित्त धरून आमच्या तालुक्याच्या गावात वाचनालयातर्फे तीन दिवसांचं फोटो प्रदर्शन भरवलं. विषय ‘माझं स्वातंत्र्य’. फोटो गावातल्याच लोकांनी मोबाइलवर काढलेले, नाहीतर घरातल्या ट्रंकेतून शोधून दिलेले. प्रदर्शन उतरवल्यापासून आसपासच्या गावांतून फोन येतायत: परवानगी कोण देतं, खर्च किती येतो, लोक फोटो देतात का? प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा क्रमाने लिहून ठेवते. आमच्यात कुणी फोटोग्राफर नाही. मी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, सोबत एक निवृत्त गुरुजी आणि अभ्यासिकेत बसणारी पाच-सहा पोरं-पोरी, एवढीच फौज.

विषय निघाला जूनच्या बैठकीत. मुक्तिदिनाला दरवर्षी व्याख्यान असतं. यंदा गुरुजी म्हणाले, “व्याख्यानाला येतात त्यांना सगळं पाठ आहे. ज्यांना पाठ नाही ते येत नाहीत.” मग काय करायचं, तर फोटो. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात: १५ ऑगस्ट १९४७ला आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. सरकारी कागदावर ‘ऑपरेशन पोलो’, गावात आजही ‘पोलीस अ‍ॅक्शन’. त्यामुळे इथल्या नव्वदीच्या माणसाला स्वातंत्र्य कधी मिळालं विचारलं, तर तो १५ ऑगस्ट सांगत नाही.

जुलैत पोरांना घरोघरी पाठवलं. “स्वातंत्र्य म्हणजे तुमच्यासाठी काय?” असं विचारलं की समोरचा माणूस सावरून बसायचा आणि शाळेतलं भाषण सुरू व्हायचं. हुतात्मे, बलिदान, तिरंगा. खरं असेल, पण त्याचा फोटो काय काढणार? अभ्यासिकेतल्या एका मुलीने प्रश्न बदलला: “अशी जागा किंवा वस्तू दाखवा, जिच्यासाठी पूर्वी कुणाला तरी विचारावं लागायचं आणि आता लागत नाही.” त्या एका प्रश्नावर प्रदर्शन उभं राहिलं. करणार असाल तर आधी आठवडाभर फक्त प्रश्नावर घालवा.

लोकांच्याच हातात कॅमेरा देऊन त्यांच्याच तोंडून बोलून घ्यायची ही पद्धत आम्ही शोधलेली नाही. तिला ‘फोटोव्हॉइस’ म्हणतात. कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस या दोघींनी १९९०च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात खेड्यातल्या बायकांना कॅमेरे देऊन हे काम केलं होतं. त्यातली एक गोष्ट आम्ही जशीच्या तशी उचलली: फोटोखालचा मजकूर फोटो देणाऱ्यानेच सांगायचा. आपण शुद्धलेखनसुद्धा जपून तपासायचं. गुरुजींना हे फार जड गेलं.

फोटो मागवताना पहिली अडचण आली ती व्हॉट्सअ‍ॅपची. नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकुंचन पावून येतो, मोबाइलवर छान दिसतो आणि मोठा छापला की फुटतो. बारा बाय अठरा इंचाला किमान २४०० बाय ३६०० पिक्सेल हवेत. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. हे ज्येष्ठांना सांगत बसू नका, पोरानेच त्यांच्या घरी जाऊन केबलने घ्यावा. चहाही मिळतो.

जुन्या फोटोंची तऱ्हा वेगळी. फ्रेममधले कितीतरी फोटो ओल लागून काचेला चिकटलेले असतात. ते ओढून काढू नका, चेहराच काचेवर राहतो. काचेसकट, खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फोटो काढणाऱ्याच्या मागे काळं कापड धरून फोटो काढला की चमक येत नाही. सुटे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केले. मूळ फोटो रात्रभरसुद्धा वाचनालयात ठेवायचा नाही, त्यांच्या ओट्यावर बसून स्कॅन करायचा आणि हातात परत द्यायचा, असा नियम केला. स्कॅनर आणि लॅपटॉप मोटारसायकलवरून गावभर फिरला. स्टुडिओतल्या जुन्या फोटोंच्या हक्काबद्दल शंका होती. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, २०१२च्या दुरुस्तीपासून, फोटोवर काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाराच असतो. म्हणजे आजोबांनी स्टुडिओत जाऊन काढलेल्या फोटोला घरच्यांची संमती पुरते.

कागदपत्रंही आली. एका घरातून निजामाच्या काळातला उर्दू शाळेचा दाखला निघाला. त्यावरचं साल मशिदीजवळच्या एका निवृत्त शिक्षकांनी वाचून दिलं: १३५५. आमचा बी.एस्सी.चा पोरगा चकित, “चौदाव्या शतकातला?” ते फसली साल, म्हणजे निजामाच्या कारभारातली वेगळी कालगणना. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो, म्हणजे १९४५-४६. जुन्या हैदराबाद संस्थानातले कागद हाताळणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आता संमतीपत्रक. आम्ही एका पानाचं केलं आणि त्यात तीन वेगळे चौकोन ठेवले: फोटो लावायचा का, नाव लिहायचं का, फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा का. तिन्हींना वेगळं हो-नाही. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची सही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि वाचणाऱ्याने खाली स्वतःची सही करायची. शेवटची ओळ: ‘प्रदर्शन संपेपर्यंत मी कधीही माझा फोटो परत घेऊ शकते/शकतो, कारण सांगण्याची गरज नाही.’ म्हाताऱ्यांनी पटापट अंगठे दिले. पुरुषांनी न वाचता सह्या केल्या. लग्न झालेल्या तरुण बायकांपैकी बऱ्याच जणी मात्र म्हणाल्या, “राहू द्या आज. घरी विचारून सही करते.” फोटो होता पूर्वी विचारावं लागायचं त्या गोष्टीचा, आणि कागद घरी विचारायला निघालेला. आम्ही कुणी काही बोललो नाही, पण पोरींच्या तो कागद फार लक्षात राहिला.

जागेचा अर्ज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात केला. आमच्याकडे हुतात्मा स्मारक आहे, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यभर जी बांधली गेली त्यांतलं एक. आत बऱ्यापैकी हॉल, एरवी कुलूप. प्रश्न असा निघाला की किल्ली एकाकडे, देखभाल दुसऱ्याकडे आणि ताबा कोणाचा हे कुणालाच ठाऊक नाही. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने लेखी मागितलं, लेखी दिलं तर साहेब मीटिंगला. यातून बाहेर पडायची युक्ती एका निवृत्त कारकुनाने सांगितली: एकच अर्ज करायचा, ‘प्रत माहितीस्तव’ म्हणून बाकी सगळ्या कार्यालयांची नावं खाली टाकायची, प्रत्येक ठिकाणी आवक शाखेत देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. मग कुणी ‘आमच्याकडे आलंच नाही’ म्हणू शकत नाही. अर्ज वाचनालयाच्या लेटरहेडवर, सोबत नोंदणी प्रमाणपत्राची आणि कार्यकारिणीच्या ठरावाची प्रत. ठरावाची प्रत नसेल तर अर्ज तिथेच अडतो.

परवानगी आली २५ ऑगस्टला. भाडं दिवसाला ५०० रुपये, अनामत २,०००. अट अशी की १७ तारखेला सकाळचं शासकीय ध्वजवंदन उरकेपर्यंत आमचं दार बंद. पोलीस ठाण्यात माहितीचं पत्र द्यायला गेलो तेव्हा गणपती बसलेले. २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर गणेशोत्सव, त्यात ५ तारखेला ईद. बंदोबस्ताच्या दिवसांत ठाण्यात कुणाला मान वर करायला वेळ नसतो, म्हणून विसर्जनानंतर जावं हे बरं. त्यांनी फोटोंची यादी आणि खालचा मजकूर मागितला. झेरॉक्स दिली. लाउडस्पीकर लावणार नाही असं लिहून दिल्यामुळे एक परवानगी वाचली.

यादी मागण्यामागे कारण होतं, आणि ते आम्हालाही माहीत होतं. १९४८चा सप्टेंबर इथे सगळ्या घरांत सारखा आठवला जात नाही. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या भीतीने बैलगाड्या जुंपून सोलापूर-बार्शीकडे गेलेली घरं आहेत. आणि पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या दिवसांत ज्यांची माणसं मारली गेली अशी मुसलमान घरंही आहेत. पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस फिरून ते नोंदवलं होतं, पण तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. आमच्या बैठकीत यावर खडाजंगी झाली. एकाचं म्हणणं, मुक्तिदिनी हे कशाला? गुरुजींचं म्हणणं, नाहीतर मग दुसरीकडे व्याख्यानच ठेवा. शेवटी ज्यांचं दुःख त्यांनाच विचारायचं ठरलं. शिलाईकाम करणाऱ्या एका चाचांकडे गेलो. त्यांचे वालिद त्या दिवसांत गेले. चाचा बराच वेळ काजं करत राहिले, मग म्हणाले, “वो बात दीवार पे मत लगाओ बेटी. मशीन लगाओ.” त्यांच्या मशीनचा फोटो लावला, त्यांच्याच मजकुरासह: ‘ही मशीन मी १९७१ला घेतली. तेव्हापासून कुणाची नोकरी केली नाही.’ आम्ही त्यात एक शब्द घातला नाही. अहवालाची माहिती मात्र संस्थानाच्या इतिहासाच्या फलकावर दोन ओळींत दिली. त्यावर कुणी भांडायला आलं नाही.

निवड करताना ‘चांगला फोटो’ हा निकष बाजूला ठेवला. एका आजींनी वाड्याच्या दिंडीदरवाजाचा अडसर दाखवला होता, हातभर लांब सागवानी दांडा, मधोमध हात लागून लागून गुळगुळीत झालेला. “तव्हा दिवस मावळायच्या आत घालायचो माय. आता रात्री धाच्या बसनं नातू येतो, तवर उघडंच.” फोटो हललेला आहे, पण तोच सगळ्यात जास्त पाहिला गेला. पासष्टीच्या एका काकांनी आपला फोटो दिलाच नाही, मुलीच्या पदवीचा दिला. १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला तेव्हा ते कॉलेजात होते, नंतरच्या दंगलीत त्यांच्या वस्तीतली घरं जळाली. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. मुलीच्या कागदावर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असं छापलेलं आहे, आणि फोटोत काकांचं बोट बरोबर त्या ओळीखाली. पन्नाशीच्या एका मावशींनी एसटीचं अर्धं तिकीट दिलं. मार्च २०२३पासून बायकांना निम्मं भाडं आहे: ‘आता माहेरी जायला पैसे मागावे लागत नाहीत. कळवते आणि निघते.’ एका पोराने बांधावर पालथा ठेवलेला, बंद केलेला मोबाइल काढला, आणि तो मोबाइल काढायला मित्राचा मोबाइल घेतला.

छपाईला जिल्ह्याच्या गावी गेलो. ४६ फोटो, बारा बाय अठरा, मॅट, पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर चिकटवून प्रत्येकी १८० रुपये, म्हणजे ८,२८०. चकचकीत लॅमिनेशन घेऊ नका, ट्यूबलाइट पडली की फोटोत फक्त ट्यूबलाइट दिसते. मजकुराची कार्डं ६९०. आधी तपासणीसाठी लहान प्रिंटा काढल्या त्यांचे १,१००. त्या ज्येष्ठांना हातात धरायला दिल्या, त्यांना पडद्यावरचं दिसत नाही. मंडपाचे पाइप आणि कापड ६,५००, दिवे १,५००, बॅनर ९००, चहा १,८००, भाडं १,५००. एकूण २२,२७०, शिवाय परत मिळणारी अनामत. वाचनालयाने दहा हजार दिले, बाकी वर्गणी. एका पुढाऱ्याने सगळाच खर्च उचलायची तयारी दाखवली होती, बदल्यात बॅनरवर फक्त त्यांचा आणि त्यांच्या नेत्यांचा फोटो. आत चेहरे पुरेसे आहेत, असं सांगून नमस्कार केला. ते उद्घाटनाला आले, हे त्यांचं मोठेपण.

मंडपवाल्याने दर कमी लावला याला कारण पितृपंधरवडा. लग्नं-मुंजी नाहीत, मंडप रिकामे. पितरांच्या दिवसांत प्रदर्शन कसं भरवता, असं एकाने विचारलंही. निम्म्या भिंतीवर पितरच होते, त्यामुळे उत्तर द्यायची गरज पडली नाही. तिरंगी कापडाची झालर लावायचा मंडपवाल्याचा आग्रह मात्र मोडावा लागला. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वज सजावटीचं कापड म्हणून वापरता येत नाही आणि झालर दिसायला ध्वजासारखीच होती. पांढरं कापड घेतलं.

१५ तारखेला संध्याकाळी एक सून वाचनालयात आली. तिचा फोटो गच्चीचा होता, रात्री साडेनऊ, वाळत घातलेल्या कपड्यांमागे एक प्लास्टिकची खुर्ची. नाव नाही, चेहरा नाही. तरी घरात कुणीतरी खुर्ची ओळखली. “काढून टाका ताई,” म्हणाली. कारण विचारायचं नाही असं आम्हीच लिहून दिलं होतं, विचारलं नाही. छापलेला बोर्ड तिच्या हातात दिला, तो घरी कसा नेणार म्हणून तिने परत दिला, मग तिच्यासमोरच फाडला. एक पोरगा म्हणाला, त्या जागी रिकामी चौकट लावू, लोकांना भिडेल. भिडली असती. पण गावात रिकामी चौकट लावणं म्हणजे ती कुणाची याची चर्चा सुरू करून देणं, आणि तिने नको म्हटलेलं दुसऱ्या वाटेने सांगणं. आम्ही पुढचे क्रमांक बदलले, ४५ फोटो लावले.

लावताना दोन गोष्टी कळल्या. चुन्याच्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप तासाभरात सुटते. पाइपच्या चौकटीला सुतळी आणि बायंडर क्लिप हाच उपाय. आणि फोटोचा मध्य जमिनीपासून साडेचार-पावणेपाच फुटांवर ठेवा, खुर्चीतून पाहणाऱ्यांसाठी एक रांग त्याहून खाली. मजकूर २८ पॉइंटच्या खाली नको. १६च्या रात्री पाऊस लागला, दाराजवळची फरशी ओली झाली, आणि पहाटे दोघांनी पोती अंथरली.

१७ला ध्वजवंदनानंतर साडेदहाला दार उघडलं. पहिल्या तासात मान्यवर, मग तीन शाळांची पोरं, दुपारी शुकशुकाट, संध्याकाळी बायका. वेळ रात्री नऊपर्यंत ठेवा, बायकांना सातनंतरच सवड होते. अनपेक्षित गर्दी झाली ती उर्दू दाखल्यासमोर. मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठीचा हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय २ सप्टेंबरलाच निघालेला, त्यामुळे निजामकाळातल्या नोंदींवरून गावागावात ट्रंका उघडल्या होत्या. “असला कागद कुठं मिळतो?” हा तीन दिवसांतला सर्वाधिक विचारलेला प्रश्न. आम्ही तहसीलचा रस्ता दाखवत राहिलो. पोरं वैतागली, मला मात्र बरं वाटलं. जुना कागद बघायला माणसं रांगेत उभी राहिलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

अभिप्रायाच्या वहीत बहुतेकांनी ‘स्तुत्य उपक्रम’ लिहिलं. त्यापेक्षा उपयोगी पडला दाराशी ठेवलेला खोका, ज्यात चिठ्ठीवर मूळ प्रश्नाचं उत्तर टाकायचं, नाव न लिहिता. अक्षरावरून कळत होतं की बऱ्याच चिठ्ठ्या शाळेतल्या मुलींच्या आहेत. एकीत लिहिलं होतं: ‘अजून काही नाही. पुढच्या वर्षी विचारा.’

१९ला रात्री उतरवलं. अनामत परत मिळायला जागा साफ केल्याचा दाखला लागतो, तो त्याच दिवशी चौकीदाराच्या सहीने घेऊन ठेवा, नंतर कुणी सापडत नाही. स्कॅन दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत प्रदर्शन न्यायचं होतं, पण मराठवाड्यात पावसाने जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं, तिकडचा रस्ताच पाण्याखाली गेला. आता दिवाळीनंतर. तिथे मुख्याध्यापकांचं पत्र आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागेल, संमतीपत्रकं पुन्हा नव्याने भरून घ्यावी लागतील, कारण आधीची संमती फक्त या तीन दिवसांची होती. शिलाईवाल्या चाचांनी सांगितलंय, तिकडे त्यांचा फोटो न्यायचा असेल तर मशीनवर आता नवीन कव्हर आहे, परत काढून न्या.